कारागीर कॅरेक्टरसाठी रेस निवडताना: नव्या खेळाडूंसाठी पायरी पायरीने

नवा गेम डाउनलोड होतो, कॅरेक्टर बनवायची स्क्रीन उघडते आणि डझनभर चेहरे रांगेत उभे राहतात. कुणी बुटका, कुणी शिंगवाला, कुणी लांब कानांचा. तुम्ही मनाशी ठरवून आलेले असता की मारामारी करणारे पुष्कळ आहेत, आपण वस्तू बनवायच्या आणि विकायच्या. तेवढ्यात एका रेसखाली, म्हणजे कॅरेक्टरच्या वंशाखाली, ‘इंजिनिअरिंग १५ ने जास्त’ अशी ओळ दिसते आणि बोट तिथंच थबकतं.

माझंही असंच झालं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या क्लासिक, म्हणजे जुन्या नियमांच्या, आवृत्तीत मी नोम (बुटक्यांची एक रेस) घेतला तो केवळ या एका ओळीसाठी. बाकी सगळ्यांचं इंजिनिअरिंग ३०० ला अडतं, नोमचं ३१५ पर्यंत जातं. जास्त स्किल, म्हणून जास्त चांगला माल, म्हणून जास्त सोनं, असा सरळ हिशोब होता. चाळिसाव्या लेव्हलच्या आसपास कधीतरी डोक्यात प्रकाश पडला. मी बनवत असलेले बॉम्ब, गॉगल आणि चित्रविचित्र यंत्रं यांतल्या बऱ्याचशा वस्तू वापरायला घेणाऱ्याकडेही इंजिनिअरिंगच लागतं, आणि ज्याच्याकडे ते आहे तो स्वतःच बनवून घेतो. बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणी तेवढ्या खपायच्या. बाकी माल माझ्याच बॅगेत पडून.

त्या नोमचं पुढं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी, मी जे उलट क्रमानं केलं ते सरळ क्रमानं कसं करायचं ते पाहू.

पायरी १: या गेममध्ये रेसचा क्राफ्टिंगशी (वस्तू बनवण्याशी) संबंध आहे का, ते आधी बघा

ही पायरी दोन मिनिटांची आहे, पण ती वगळून लोक चार-चार दिवस डोकं खाजवत बसतात. बऱ्याच गेममध्ये संबंध नसतोच.

फायनल फँटसी चौदामध्ये बुटका लालाफेल घ्या नाहीतर धिप्पाड रोगाडिन, तुमच्या सुताराला किंवा सोनाराला काडीचाही फरक पडत नाही. तिथं क्राफ्टिंग चालतं ते क्राफ्ट्समनशिप, कंट्रोल आणि सीपी (क्राफ्टिंग पॉइंट) या तीन आकड्यांवर, आणि ते येतात लेव्हलमधून, अंगावरच्या कपड्या-अवजारांतून आणि खाण्यापिण्याच्या बफमधून (तात्पुरत्या बळातून). शिवाय एकाच कॅरेक्टरवर आठही क्राफ्टिंग क्लास आणि तिन्ही गॅदरिंग (कच्चा माल गोळा करण्याचे) क्लास शिकता येतात, म्हणजे निवडीचा प्रश्नच उरत नाही. आवडेल तो चेहरा घ्या. गिल्ड वॉर्स दोनमध्येही तेच, तिथं रेस ठरवते ती तुमची कथा, तुमचं शहर आणि तुमचा आकार. ईव्ह ऑनलाइनमध्ये एकेकाळी वंशावरून गुणांक बदलायचे, आता तो फरक राहिलेला नाही. अमार असो वा मिन्मटार, कारखाना सारखाच चालतो. अल्बियन ऑनलाइनमध्ये तर रेस हा प्रकारच नाही. तिथं कोणत्या शहरात बसून काय बनवता यावर बोनस मिळतो, त्यामुळे डोकं लढवायचं ते जागेवर.

अशा गेममध्ये हा लेख इथंच मिटला तरी चालेल. पुढचं सगळं त्या गेमसाठी, जिथं रेसच्या माहितीत क्राफ्टिंगचा किंवा गॅदरिंगचा उल्लेख खरोखर येतो.

एक सावधगिरी. माहिती शोधताना ती कोणत्या आवृत्तीची आहे हे बघाच. वॉरक्राफ्ट २००४ सालचा आहे. इतक्या वर्षांत त्यातले रेसचे गुण अनेकदा बदलले, काही वाढले, काही कमी झाले. क्लासिकमधला आकडा आजच्या मुख्य आवृत्तीला लावला की हिशोब चुकलाच म्हणून समजा. गेमच्या स्क्रीनवर जे लिहिलंय ते खरं, बाकी सगळं ऐकीव.

पायरी २: रेस बाजूला ठेवा, धंदा ठरवा

नवीन माणूस ‘क्राफ्टर व्हायचंय’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. माल गोळा करून कच्चाच विकायचा. माल विकत घेऊन वस्तू बनवायच्या. लोकांनी आणलेल्या साहित्यातून त्यांना हवं ते बनवून द्यायचं आणि मजुरी घ्यायची. किंवा फक्त स्वतःची आणि आपल्या गिल्डची (खेळाडूंच्या गटाची) गरज भागवायची. चौघांना लागणाऱ्या रेस वेगळ्या.

कच्चा माल गोळा करणाऱ्याचा दिवस फिरण्यात जातो. त्याला वेग हवा, मोठी बॅग हवी, वाटेत कुणी अंगावर आलं तर निभावून नेता आलं पाहिजे. बनवणाऱ्याचा दिवस ऑक्शन हाउससमोर, म्हणजे गेममधल्या लिलाव बाजारासमोर, जातो. त्याच्या हातात दुर्मीळ रेसिपी असल्या की झालं. ऑर्डरवर काम करणाऱ्याला उंच स्किल लागतं आणि ओळख लागते. गिल्डसाठी काम करणाऱ्याने तर आधी गिल्डला विचारावं. तिथं आधीच तीन लोहार बसलेले असतील तर चौथ्याचं कुणाला काय कौतुक?

मी नोमच्या बाबतीत हेच केलं नव्हतं. ऑक्शन हाउस उघडून त्या प्रोफेशनच्या नावाने शोध घ्यायचा, काय विकलं जातंय, किती वेगाने संपतंय, वापरायला काही अट आहे का ते बघायचं. नव्या सर्व्हरवर पहिल्या लेव्हलचं कॅरेक्टर घेऊन शहरापर्यंत चालत गेलात तरी हे होतं. तीन-चार दिवस, वेगवेगळ्या वेळी बघा. एकाच वेळी बघितलेला बाजार फसवतो. रेडच्या (मोठ्या गटाने करायच्या मोहिमेच्या) संध्याकाळी औषधांचे भाव चढलेले असतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच औषधं कुणी हातात धरत नाही.

पायरी ३: बोनस कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

खरी मेख इथं आहे, म्हणून इथं जरा रेंगाळतो. रेसच्या गुणांची यादी एकसारखी दिसते, पण त्यातल्या ओळींचं वजन फार वेगवेगळं असतं.

सगळ्यांत वजनदार म्हणजे बंद दार. अमुक रेस नसेल तर ते काम येणारच नाही. एव्हरक्वेस्ट या १९९९ सालच्या गेममध्ये टिंकरिंग हे यंत्रकाम फक्त नोमलाच करता येतं. त्याच गेममध्ये वंशपरंपरागत चिलखतांच्या रेसिपीसुद्धा त्या त्या वंशाच्या कारागिरांसाठी राखीव होत्या. असं दार असेल तर विचार करायला जागाच नाही. ते काम करायचं असेल तर ती रेस घ्या, नसेल तर विसरा. सुदैवाने नव्या गेममध्ये असली दारं फारशी दिसत नाहीत.

दुसरी जात म्हणजे सुरुवातीची आघाडी. स्किलमध्ये मिळणारे १०-१५ गुण याच जातीचे. क्लासिकमधल्या टॉरेनला हर्बलिझममध्ये १५ गुण जास्त मिळतात. याचा अर्थ जवळून पाहू. पहिल्या दिवशी सगळ्यांना दोनच वनस्पती तोडता येतात, पीसब्लूम आणि सिल्व्हरलीफ, कारण त्यांना स्किल १ लागतं. अर्थरूटला १५ लागतं. टॉरेन शिकल्या शिकल्या १६ वर असतो, म्हणजे शेजारचा ऑर्क ज्या अर्थरूटकडे बघत पुढं जातो ते टॉरेन पहिल्या मिनिटापासून खुडतो. शेवटी तर याहून गंमत आहे. सगळ्यांत दुर्मीळ ब्लॅक लोटसला ३०० लागतं. बाकीच्यांना तिथपर्यंत पूर्ण चढावं लागतं, टॉरेनला शिकलेले २८५ पुरतात.

छान आहे, पण हा फायदा कुठं संपतो तेही दिसतं. तीनशेवर पोचलेला ट्रोल आणि तीनशे पंधरावर पोचलेला टॉरेन एकाच लोटससमोर उभे राहिले तर दोघांनाही तो तोडता येतो. पुढचे पंधरा गुण त्या आवृत्तीत कुठंच लागत नाहीत. आघाडी चढताना उपयोगी, वर पोचल्यावर शोभेची. बर्निंग क्रुसेड या विस्तारात, म्हणजे २००७ साली, ब्लड एल्फला एन्चांटिंगमध्ये (वस्तूंवर जादू चढवण्यात) १० आणि ड्रेनायला जुवेलक्राफ्टिंगमध्ये (दागिने घडवण्यात) ५ गुण मिळाले. पुढं गॉब्लिनला अल्केमी, पांडारेनला स्वयंपाक, नाइटबोर्नला इन्स्क्रिप्शन असं एकेक जोडत गेले. हे सगळे याच माळेचे मणी. आजच्या मुख्य आवृत्तीत मात्र वस्तूंना दर्जाच्या पायऱ्या आहेत आणि स्किलचा प्रत्येक गुण दर्जा वर ढकलतो, त्यामुळे तिथं शेवटच्या टप्प्यातसुद्धा हे गुण थोडे कामाला येतात. थोडेच. अवजारं आणि स्पेशलायझेशनमधून मिळणारे गुण त्याहून कितीतरी जास्त असतात.

याच जातीचं आणखी एक उदाहरण देतो, कारण त्यात एक धडा दडला आहे. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये ऑर्कला क्राफ्टिंगचं इन्स्पिरेशन १० टक्के जास्त मिळतं. इन्स्पिरेशन म्हणजे क्राफ्टिंगचा अनुभव. ऐकून वाटतं, क्राफ्टर म्हणजे ऑर्कच. पण त्या गेममध्ये घोडं अडतं ते ट्रेट रिसर्चपाशी, म्हणजे वस्तूंना द्यायचे खास गुण शिकण्यापाशी. पहिला ट्रेट शिकायला सहा तास, दुसऱ्याला बारा, मग एक दिवस, मग दोन, अशी वेळ दुपटीने वाढत जाते आणि शेवटच्या ट्रेटला आठवडेच्या आठवडे जातात. त्या घड्याळावर ऑर्कचा काही जोर चालत नाही. ते लवकर पळतं क्राफ्टिंगच्याच स्किल पॉइंटमुळे, आणि ते कुठल्याही रेसला घेता येतात. म्हणजे बोनस अशा ठिकाणी आहे जिथं अडचण फारशी नाही. कुठलाही बोनस वाचला की हा एक प्रश्न स्वतःला विचारा: या गेममध्ये क्राफ्टर अडतो कुठं, आणि हा बोनस तिथं पोचतो का?

तिसरी जात सोयीची. मला स्वतःला हीच सगळ्यांत आवडते. वॉरक्राफ्टमधल्या वुल्पेराची मुख्य बॅग आठ घरांनी मोठी होते. लाइटफोर्ज्ड ड्रेनाय भट्टी आणि ऐरण असेल तिथं मांडू शकतो. मेकानोमच्या शरीरातच सगळ्या प्रोफेशनची अवजारं बसवलेली आहेत. वॉर्गनला कातडी सोलायला सुरी लागत नाही आणि तो सोलतोही भराभर. यांतल्या कशानेही तुमचं स्किल आकाशाला भिडत नाही. पण हे रोज, शेवटपर्यंत, प्रत्येक फेरीत उपयोगी पडतं.

तरीही सोयीचा हिशोब मांडूनच बघा, नाहीतर तिचंही उगाच कौतुक होतं. समजा तुम्ही तासाला ६० झाडं तोडता आणि तुमची रेस प्रत्येक झाडामागे दोन सेकंद वाचवते. तासाला झाली दोन मिनिटं. फारसं काही नाही, कारण तुमचा वेळ तोडण्यात जात नसतो, एका झाडापासून दुसऱ्यापर्यंत जाण्यात जातो. मग वेगाने तोडण्याला अर्थ कधी येतो? जेव्हा शेजारी अस्वल फिरत असतं आणि ते वळून येण्याआधी काम उरकायचं असतं. किंवा जेव्हा समोरून दुसरा खेळाडू त्याच झाडाकडे धावत येतोय. गर्दीच्या सर्व्हरवर तो एकेक सेकंद सोन्याचा, ओस पडलेल्या सर्व्हरवर कवडीमोलाचा. आठ घरांच्या बॅगेचं उलट आहे. ती गर्दीवर अवलंबून नाही. दर खेपेला बॅग उशिरा भरते, म्हणजे शहराकडे परतण्याच्या फेऱ्या कमी होतात, आणि शहराची एकेक फेरी पाच-दहा मिनिटं खाते. हातात गॅदरिंग असेल आणि दोन्हींतून एक निवडायचं असेल तर मी डोळे झाकून बॅग घेईन.

चौथी जात सगळ्यांत लपून बसलेली. या गुणांमध्ये क्राफ्टिंगचा शब्दही नसतो, पण फायदा क्राफ्टरला होतो. क्लासिकमधल्या अनडेडला पाण्याखाली बराच जास्त वेळ श्वास धरता येतो. लढाईसाठी वाचलं तर हसू येतं. पण स्ट्रँगलकेल्प नावाची वनस्पती पाण्याखालीच उगवते, आणि बाकीचे श्वास घ्यायला वर-खाली करत असताना अनडेड निवांत तळाशी फिरत असतो.

त्याहून मोठं उदाहरण माणसाचं. क्लासिकमध्ये मानवाला प्रत्येक गटाकडून रेप्युटेशन (त्या गटाची मर्जी) १० टक्के जास्त मिळतं. आता बघा, उत्तम रेसिपींपैकी कितीतरी रेसिपी अशा गटांकडे असतात जे आपल्या जवळच्या माणसालाच त्या विकतात. लोहारकामाच्या काही नामांकित रेसिपी थोरियम ब्रदरहूडकडे आहेत. न्यूट्रलपासून (अनोळखी) एक्झॉल्टेडपर्यंत (सगळ्यांत जवळचा) एकूण ४२,००० रेप्युटेशन लागतं. दहा टक्के जास्त मिळत असेल तर साधारण ३८,२०० इतक्याच मेहनतीत काम होतं. वाचलेली मेहनत म्हणजे त्या गटाला द्यावं लागणारं ढीगभर साहित्य, आणि तेही प्रत्येक गटामागे पुन्हा पुन्हा वाचतं. माणसाच्या गुणांत ‘लोहार’ हा शब्द शोधून सापडणार नाही. तरी क्लासिकमधल्या अलायन्स या बाजूच्या लोहारासाठी मला नोमपेक्षा काय ड्वार्फपेक्षाही माणूस बरा वाटतो.

तेव्हा रेसची यादी वाचताना ‘क्राफ्टिंग’ हा शब्द शोधत बसू नका. प्रत्येक गुणाला विचारा, माझ्या कामाच्या दिवसात हा कुठं उपयोगी पडेल. गॉब्लिनला दुकानदारांकडून कायम कमाल सूट मिळते. दोरा, बाटल्या, कोळसा असं दुकानातून घ्यावं लागणारं साहित्य तुमच्या धंद्यात किती लागतं, त्यावर त्या सुटीची किंमत ठरते.

अल्टिमा ऑनलाइन या १९९७ सालच्या गेममध्ये तर हा खेळ एकाच ठिकाणी बघायला मिळतो. माणसाला प्रत्येक स्किलमध्ये न शिकताच २० गुण असल्यासारखं वागता येतं आणि खाणकाम-लाकूडतोडीत बरकत मिळते. गार्गॉइलला इम्ब्युइंगमध्ये थेट फायदा आहे. एकच कारागीर ठेवून सगळं थोडं थोडं करायचं असेल तर माणूस, वस्तूंवर जादू भरायचाच धंदा असेल तर गार्गॉइल. दोन्ही उत्तरं बरोबर, कारण प्रश्न वेगळे आहेत.

पायरी ४: रेसच्या शेपटाला काय काय बांधलंय ते बघा

रेस एकटी येत नाही. तिच्याबरोबर क्लासची (लढण्याच्या प्रकारांची) यादी येते, बाजू येते आणि सुरुवातीचा मुलूख येतो.

क्लास आधी. क्लासिकमध्ये टॉरेनला वॉरियर, हंटर, शामन आणि ड्रुइड एवढेच क्लास मिळतात. तुम्हाला मेज (जादूगार) खेळायचा असेल तर वनस्पतीचे पंधरा गुण घेऊन काय करणार? आपल्याला आवडत नाही तो क्लास शेवटपर्यंत नेणं जिवावर येतं, आणि अर्ध्यात सोडलेल्या कॅरेक्टरचं प्रोफेशनही अर्ध्यातच राहतं. उलट कधी कधी जोडी अशी जमते की दुधात साखर. आजच्या आवृत्तीत ड्रुइड पक्ष्याच्या रूपात असतानाच, खाली उतरून रूप न बदलता वनस्पती तोडू शकतो. टॉरेन ड्रुइड म्हणजे उडता उडता, तेही बाकीच्यांपेक्षा लवकर तोडणारा. हर्बलिझमसाठी याहून बरी जोडी मला तरी माहीत नाही.

बाजू दुसरी. दोन शत्रुपक्ष असलेल्या गेममध्ये तुमचे मित्र ज्या बाजूला, ती बाजू घ्या. यात फार विचार करू नका. क्लासिकमध्ये दोन्ही बाजूंची ऑक्शन हाउसं वेगळी आहेत. आपल्या बाजूच्या ऑक्शन हाउसमध्ये विक्रीवर ५ टक्के कापले जातात. दोन्ही बाजूंना खुल्या असलेल्या तटस्थ ऑक्शन हाउसमध्ये, म्हणजे बूटी बे, गाजेट्झान वगैरे ठिकाणी, १५ टक्के. मित्र पलीकडच्या बाजूला असले तर त्यांना तलवार द्यायलाही त्या महागड्या खिडकीतून जावं लागतं. पंधरा गुणांच्या मोहाने मित्रांच्या विरुद्ध पक्षात जाऊन बसलेले क्राफ्टर मी पाहिलेत. महिनाभरात गायब होतात.

मुलूख तिसरा आणि सगळ्यांत किरकोळ. सुरुवातीला शहर जवळ असलं तर सोयीचं, एवढंच.

पायरी ५: दुसरं कॅरेक्टर हिशोबात धरा

नव्या खेळाडूला हे पटकन सुचत नाही. वॉरक्राफ्टमध्ये एका कॅरेक्टरला दोनच मुख्य प्रोफेशन मिळतात. तुम्ही महिनाभर टिकलात तर अल्ट, म्हणजे दुसरं कॅरेक्टर, बनवणारच. मग सगळा भार एका रेसवर टाकायचं कारण काय? मुख्य कॅरेक्टर लढण्यासाठी मनासारखं घ्या आणि त्याच्या हातात गॅदरिंग द्या, कारण फिरायचं तर त्यालाच आहे. अल्ट शहरात बसून बनवेल. क्राफ्टिंगचा बोनस असलेली रेस या बसून खाणाऱ्या अल्टला द्या. त्याचं लढणं कसंही असलं तरी बिघडत नाही. फक्त एक बघा: बऱ्याच गेममध्ये प्रोफेशनच्या वरच्या पायऱ्या शिकायला कॅरेक्टरची ठरावीक लेव्हल लागते. पाचव्या लेव्हलचा लोहार पाचव्या लेव्हलच्याच तलवारी ठोकत राहील.

जाता जाता एक गंमत. ब्लॅक डेझर्टमध्ये तुमच्या स्वतःच्या रेसपेक्षा तुमच्या कामगारांची रेस महत्त्वाची. गॉब्लिन कामगार झपाट्याने काम करतो पण लवकर थकतो, जायंट संथ पण दमदार, माणूस मध्ये. तुम्ही बराच वेळ गेमपासून दूर राहणार असाल तर जायंट, तासातासाला डोकावणार असाल तर गॉब्लिन. रेस निवडण्याचं शास्त्र तिथं शब्दशः मालकाचं शास्त्र होऊन बसतं.

पायरी ६: बनवा, पण कायमचं धरून बसू नका

आता कॅरेक्टर बनवा. नाव, केस, कान, सगळं. आणि पहिले काही तास ते तात्पुरतं आहे असं समजा. दहाव्या लेव्हलपर्यंत दोन रेस खेळून बघा. चालणं, पळणं, चिलखत अंगावर कसं दिसतं, आवाज सहन होतो का, हे कुठल्याही तक्त्यात नसतं. मोठ्या देहाची रेस अरुंद गुहेत कॅमेरा अडवते. गिल्ड वॉर्स दोनमध्ये ‘चार’ (Charr) किंवा नॉर्न या मोठ्या देहाच्या रेस घेऊन उड्या मारायची कोडी सोडवून बघा, मी काय म्हणतोय ते कळेल.

पुढं रेस बदलता येते का, हे मात्र आत्ताच माहीत करून घ्या. वॉरक्राफ्ट आणि एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये पैसे मोजून बदलता येते. फायनल फँटसी चौदामध्ये फँटेजिया नावाचं औषध लागतं आणि मूळ कथा संपवली की एक बाटली फुकट मिळते. गिल्ड वॉर्स दोनमध्ये रेस बदलायची सोयच नाही. जिथं बदल स्वस्त, तिथं मन मानेल तसं घ्या. जिथं बदल अशक्य, तिथं आधीच्या पाच पायऱ्या नीट पार करा.

बदलण्याआधीही एक हिशोब. चढण्यासाठी आघाडी देणारा बोनस हवा म्हणून शिखरावर पोचलेल्या कारागिराची रेस बदलणारे लोक आहेत. चढून झाल्यावर शिडी विकत घेण्यातला प्रकार. बदलायचंच असेल तर सोयीच्या गुणासाठी बदला, किंवा सरळ दिसण्यासाठी बदला. दिसण्यासाठी बदलण्यात काहीही कमीपणा नाही. शेकडो तास ज्याची पाठ बघायची, ती पाठ आवडती असलेली बरी.

काही नेहमीचे प्रसंग

‘मला फक्त गॅदरिंग करून सोनं कमवायचंय.’ तर स्किलच्या गुणांकडे बघू नका. बॅग, प्रवास, लपणं, पाण्याखाली टिकणं, यांतलं काय मिळतंय ते बघा, आणि क्लास असा घ्या की एकट्याने फिरता येईल.

‘मला माझ्या सर्व्हरवरचा नावाजलेला लोहार व्हायचंय.’ रेसिपी कुठून येतात ते आधी शोधा. रेप्युटेशनमधून येत असतील तर रेप्युटेशन वाढवणारी रेस, अंधारकोठडीतल्या राक्षसांकडून पडत असतील तर ज्या क्लासला रेडमध्ये सहज जागा मिळते तो क्लास. अशा वेळी रेसपेक्षा गिल्ड जास्त देते.

‘मला काहीच ठरवता येत नाही.’ मग वॉरक्राफ्टमधल्या कुल तिरानसारखी रेस बघा, तिला सगळ्याच प्रोफेशनमध्ये थोडे थोडे गुण मिळतात. कुठंच फार नाही, पण धंदा बदलला तरी वाया काही जात नाही. तशी रेस तुमच्या गेममध्ये नसेल तर जी दिसायला आवडते ती घ्या आणि खेळायला लागा. दोन आठवड्यांत स्वतःच कळेल की तुम्ही फिरणारे आहात की बसणारे.

माझा नोम अजून आहे. इंजिनिअरिंग त्याच्याकडे तसंच ठेवलंय, कारण अडचणीच्या वेळी बॉम्ब मलाच कामाला येतात. पण त्याचं मुख्य काम आता खाण. डोंगरात फिरून खनिज गोळा करतो आणि संध्याकाळी मेलने शहरात बसलेल्या मानव लोहाराकडे पाठवतो. तो लोहार थोरियम ब्रदरहूडचा लाडका आहे. लोक साहित्य घेऊन त्याच्याकडे येतात, आणि पैसे येतात ते त्याच्या नावावर. तीनशे पंधरा स्किलवाला नोम तोवर पुढच्या डोंगरावर निघालेला असतो.